मागच्या रांगेतला आवाज



मिरजेच्या माणसानं वाद्यांवर बोलायचं म्हटलं की त्यानं तंबोऱ्यावर बोलावं, सतारीवर बोलावं, नाहीच तर अब्दुल करीम खाँसाहेबांची एखादी आठवण सांगावी, अशी लोकांची अपेक्षा असते. मी आज एका गिटारविषयी बोलणार आहे. तीही शाळेच्या स्नेहसंमेलनात दिसते ती नव्हे. जॅझ संगीतासाठी घडवलेली, व्हायोलिनसारखी फुगीर पोटाची, पोटावर इंग्रजी 'एफ' अक्षरासारखी दोन छिद्रं असलेली जुनी गिटार. इंग्रजीत तिला 'आर्चटॉप' म्हणतात. आर्च म्हणजे कमान. ही गिटार मला हवीशी वाटली ती वयाच्या चौदाव्या वर्षी आणि हातात आली ती चोपन्नाव्या वर्षी. मधली चाळीस वर्षं मी नोकरी केली, संसार केला, कविता लिहिल्या. पण ती गिटार काही डोक्यातून गेली नाही. का गेली नाही, ते आज सांगायचं आहे.

सुरुवात रेडिओपासूनच झाली. १९८३ सालची गोष्ट. अब्बांचा जुना रेडिओ होता. रात्री सगळे झोपले की मी आवाज बारीक करून शॉर्टवेव्हवर फिरत असे. खरखर, शिट्ट्या, कुठली तरी अगम्य भाषा आणि मधेच एक अत्यंत शांत, खर्जातला अमेरिकन आवाज. 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वरचे विलिस कॉनोव्हर. हा माणूस १९५५पासून १९९६मध्ये मरेपर्यंत जगाला जॅझ ऐकवत राहिला. ज्यांना इंग्रजी बेताचं येतं अशा श्रोत्यांनाही कळावं म्हणून तो मुद्दाम सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलायचा. माझं इंग्रजी बेताच्याही खाली होतं, तरी मला कळायचं. नभोवाणीवर बोलताना घाई करायची नसते, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

एका रात्री त्यांनी काउंट बेसीच्या वाद्यवृंदाची ध्वनिमुद्रिका लावली आणि वादकांची नावं सांगितली. त्यात 'गिटारवर फ्रेडी ग्रीन' असं म्हणाले. मी गिटार ऐकायला कान लावून बसलो. ट्रम्पेट ऐकू आले, सॅक्सोफोन ऐकू आले, पियानो, ड्रम सगळं आलं. गिटार काही येईना. गाणं संपलं. मला वाटलं, नाव चुकून घेतलं असावं. पुढे काही दिवसांनी पुन्हा बेसी लागले. या वेळी मी कान अगदी स्पीकरच्या कापडाला टेकवला. तेव्हा सापडली. ड्रमच्या खाली, पियानोच्या मागे, प्रत्येक मात्रेवर एक आघात : छक्, छक्, छक्, छक्. ना सूर लांबवलेला, ना कुठे हरकत. एका मात्रेला एक आघात, बस्स. आणि एकदा ती सापडल्यावर मला दुसरं काही ऐकूच येईना. सगळा वाद्यवृंद त्या छक्-छक्‌वर पाय ठेवून चाललाय हे कळलं.

हे फ्रेडी ग्रीन १९३७ साली बेसीच्या वाद्यवृंदात आले आणि १९८७मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले. पन्नास वर्षं. स्वतंत्र वादन जवळजवळ नाहीच. विजेवर वाजणाऱ्या गिटारी आल्या, सगळ्या जगानं घेतल्या, यांनी बेसीच्या खुर्चीत बसून बिनविजेचीच वाजवली. ते वाजवताना लक्षात येत नसत. थांबले असते तर मात्र सगळ्यांच्या लक्षात आलं असतं.

त्यानंतर रद्दीच्या दुकानात एका जुन्या अमेरिकन मासिकात अशा गिटारचा फोटो मिळाला. चार आण्यांना मासिक घेतलं आणि फोटो घेऊन थेट आमच्या सतारमेकर गल्लीत गेलो.

इथे मिरजेविषयी दोन शब्द सांगायला हवेत. तंतुवाद्यं बनवणारी आमच्याकडची घराणी मूळची शिकलगारांची. शिकलगार म्हणजे हत्यारं घडवणारे, त्यांना धार लावणारे. राज्यं गेली, तलवारींची गरज संपली, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून हे हात तंबोरा आणि सतारीकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे, तुणीचं लाकूड आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा अंदाज, एवढ्यावर हा व्यवसाय उभा आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, हे तुम्ही वाचलं असेलच.

तर गल्लीतल्या एका बुजुर्ग कारागिरांना मी फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "ही तर आपलीच बांधणी आहे की रे!" मला वाटलं, चेष्टा करताहेत. तर त्यांनी समोरचा तंबोरा आडवा घेतला आणि दाखवलं. तारा इथे खाली लंगोटाला बांधल्यात. तिथून निघून घोडीवरून जातात आणि वर खुंट्यांना. घोडी नुसती टेकलेली आहे, तारांचा ताण तिला खाली दाबतो. हा दाब सोसायला तबलीला फुगवटा दिलाय. आता तुझ्या फोटोत बघ. तेच आहे.

खरोखरच तेच होतं. आपल्या ओळखीची जी सपाट पोटाची गिटार असते, तिच्यात तारा पोटावर चिकटवलेल्या घोडीतच अडकवलेल्या असतात. त्या तारा पोटाला वर ओढतात. आर्चटॉपमध्ये तारा पार शेपटाकडच्या धातूच्या पट्टीला बांधलेल्या असतात, घोडी सुटी असते आणि दाब खाली असतो. देवळाच्या, मशिदीच्या कमानीवर जसा भार पडतो तसा. कमान आहे म्हणून पातळ लाकूड तो भार पेलतं.

फरक आहे तो आवाजात. तंबोऱ्याच्या रुंद घोडीला जवारी लावलेली असते. तार छेडली की आस कितीतरी वेळ रेंगाळते, एक आवाज विरायच्या आत दुसरा येऊन मिळतो. आर्चटॉपची घोडी अरुंद. आवाज ठणकन निघतो आणि लगेच संपतो. म्हणूनच प्रत्येक मात्रेचा आघात सुटा, स्वच्छ पडतो. एक अखंड, एक तुटक. पण दोघांचं काम एकच : मागे बसायचं आणि पुढच्याला धरून ठेवायचं. गवय्याच्या मागे तंबोरा, वाद्यवृंदाच्या पोटात ही गिटार. मैफल संपल्यावर तंबोऱ्याची तारीफ करत कोणी घरी जात नाही. मला वाटतं, त्याच दिवशी या गिटारचा ध्यास माझ्या मनात पक्का बसला.

ही गिटार अशी कशी घडली? अमेरिकेत मिशिगन राज्यात कॅलमझू नावाचं गाव आहे. तिथे ऑर्व्हिल गिब्सन या कारागिरानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मेंडोलिन आणि गिटारचं पोट व्हायोलिनसारखं कोरून घडवायला सुरुवात केली. त्याच्या नावाची कंपनी १९०२मध्ये निघाली. पुढे लॉइड लोर या वादक-अभियंत्याच्या काळात, १९२२ साली, 'एल-५' ही 'एफ' छिद्रांची गिटार आली. त्या वेळी नाचाच्या दिवाणखान्यांत ठेक्यासाठी बँजो वाजायचा, कारण साधी गिटार ट्रम्पेटांपुढे ऐकूच येत नसे. एडी लँगसारख्या वादकांनी विसाच्या दशकात ही नवी गिटार हातात घेतली आणि बँजो हळूहळू मागे पडला. गिटार मोठ्या होत गेल्या. १९३४ साली गिब्सननं काढलेल्या सर्वांत मोठ्या गिटारचं नाव होतं 'सुपर ४००', कारण तिची किंमतच चारशे डॉलर होती. मंदीच्या काळातले चारशे डॉलर! आणि मग १९३६मध्ये गिब्सनची विजेची गिटार बाजारात आली. चार्ली ख्रिश्चन नावाच्या पोरानं ती हातात घेऊन गिटारला पुढच्या रांगेत आणून बसवलं आणि १९४२मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो क्षयानं गेला. आवाज वाढवायला यंत्र आल्यावर फुगीर पोटाची ती निकड उरली नाही. तरीही वेस मॉन्टगोमरीसारख्या उस्तादानं नुसत्या अंगठ्यानं वाजवून तिचा गोडवा जगाला दाखवला.

आपल्याकडेही ती नवखी नव्हती. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांचा आफ्रिकन-अमेरिकन वाद्यवृंद मुंबईत ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला आणि मुंबईला जॅझची गोडी लागली. ती पुढे सांभाळली गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेली ही माणसं रात्री हॉटेलात जॅझ वाजवायची आणि सकाळी सिनेमाच्या स्टुडिओत. आपण गुणगुणतो त्या कितीतरी हिंदी गाण्यांत यांचं वादन आहे. नावं मात्र तबकड्यांवर नसत. मुंबईत १९३६ साली गोवेकर कुटुंबात जन्मलेले अमान्सिओ डिसिल्वा हे जॅझ गिटारवादक लंडनला गेले. तिथे १९६९ साली त्यांचा 'इंटिग्रेशन' हा अल्बम निघाला. तिकडच्या रसिकांना ते ठाऊक झाले, इथल्या फार थोड्यांना. आणि शास्त्रीय संगीतात पंडित ब्रिजभूषण काबरा यांनी गिब्सनची आर्चटॉप मांडीवर आडवी घेऊन तिच्यातून मींड काढली. १९६७च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये शिवकुमारांच्या संतूर आणि हरिप्रसादांच्या बासरीसोबत जी गिटार वाजते ती काबरांची. विश्वमोहन भट्टांची मोहनवीणासुद्धा आर्चटॉपचीच लेक. १९९४ साली तिला ग्रॅमी मिळालं.

हे सगळं मी हळूहळू, वर्षानुवर्षं गोळा करत गेलो. गिटार काही घेता आली नाही. १९२०च्या दशकातल्या गिब्सनची किंमत ऐकली की आमच्या गल्लीतली दोन घरं विकली तरी भागणार नाही. परदेशातून एखादी बेताची मागवावी, तर जहाजाचं भाडं आणि कस्टम मिळून गिटारइतकाच खर्च. मग मी एक युक्ती केली. पोस्टात एक वेगळं खातं उघडलं. पगारातला एक पैसा त्यात टाकायचा नाही. फक्त कवितेचे पैसे टाकायचे. दिवाळी अंकाचं मानधन, संमेलनातल्या कविसंमेलनाचं पाकीट, आकाशवाणीचा चेक. तुम्हाला मराठी कवितेचे भाव ठाऊक नसतील तर सांगतो : कधी तीनशे, कधी पाचशे, आणि बऱ्याचदा अंकाची एक प्रत व संपादकांचं प्रेम. एकोणीस वर्षांत व्याजासह पंच्याऐंशी हजार जमले. घरात सर्वांना हे खातं माहीत होतं. त्याचं नावच 'गिटारचं खातं' पडलं होतं.

२०२३च्या नोव्हेंबरात मुंबईहून एका मित्राचा फोन आला. माझगावात एक वयस्क बाई जुनं घर रिकामं करून गोव्याला चालल्यात. त्यांच्या वडिलांची एक गिटार विकायची आहे. तू म्हणतोस तशी, 'एफ'वाली. त्यानं मोबाइलवर फोटो पाठवला. मी तो बायकोला दाखवला. आमच्या घराची मागची खोली त्या पावसाळ्यात गळत होती. पत्रे बदलायचे होते. ती फोटो बघत राहिली, मग वर छताकडे बघितलं आणि आमच्या घरच्या दखनीत म्हणाली, "सत्तावीस साल से सुन रई मैं. जाको लेको आव एक बार." छताचं काय, असं विचारल्यावर म्हणाली, "बारिश को अभी छे महिने है."

माझगावचं ते घर मी पाहिलं तेव्हा अर्ध्या खोल्यांत खोकी बांधलेली होती. बाई साठीच्या, शाळेत शिक्षिका होत्या. गिटार काळ्या पेटीत होती. जर्मनीतल्या होफनर कंपनीची. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीच्या हातात जी व्हायोलिनच्या आकाराची बास गिटार दिसते, तीच कंपनी. बाईंचे काका तारवटी होते, म्हणजे बोटीवर नोकरीला. त्यांनी १९५९ साली हँबर्गहून भावासाठी ती आणली होती. वडिलांनी पुढची चाळीस वर्षं तिच्यावर पोट भरलं : हॉटेलं, लग्नं, स्टुडिओ. बाई म्हणाल्या, "रेडिओवर गाणं लागलं की पप्पा बोट वर करायचे. म्हणजे, इथे मी आहे."

होफनरचीही एक गोष्ट आहे. ही कंपनी १८८७ साली शोनबाख या गावात सुरू झाली. गाव तेव्हा ऑस्ट्रियाच्या राज्यात, पुढे चेकोस्लोव्हाकियात गेलं. सगळं गाव व्हायोलिन करणाऱ्यांचं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या जर्मन भाषक लोकांना देशाबाहेर काढण्यात आलं. हातात मावेल तेवढं सामान घेऊन ही माणसं बव्हेरियात आली आणि १९४९नंतर बुबेनरॉइट नावाच्या एका छोट्या गावात त्यांनी नव्यानं वाद्यांची वस्ती उभी केली. माझ्यापुढची गिटार त्या नव्या गावची होती. हत्यारं गेल्यावर तंबोऱ्याकडे वळलेल्या गावचा मी. गाव गेल्यावर दुसरीकडे जाऊन पुन्हा तेच वाद्य घडवणाऱ्यांची ती. मला ती परकी वाटली नाही.

पण भावनेत वाहून जाऊन जुनं वाद्य घेऊ नये. मी खिशात दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन गेलो होतो. 'एफ'च्या छिद्रातून आत पाहिलं. छिद्राच्या कडेला लाकडाचे रेषे सलग खाली जातात का बघायचं. थर दिसले तर ते प्लायवूड. इथे रेषे सलग होते, स्प्रूसचं एकसंध लाकूड होतं. मग घोडीखालचा फुगवटा. साठ-साठ वर्षांच्या दाबानं कमान खचू शकते. डोळा पातळीत आणून उजेडाकडे धरून पाहिलं. कमान शाबूत होती. मानेवरून बंदुकीचा नेम धरावा तसं पाहिलं, मान किंचित पुढे आली होती, फार नाही. पडद्यांवर तारांच्या खाचा, पहिल्या पाच पडद्यांवर खोल, वर जवळजवळ नाहीतच. म्हणजे हा माणूस आयुष्यभर खालच्या पडद्यांवर ठेकाच वाजवत होता. बोटानं पोट ठोकलं, तर एका ठिकाणी आत बारीक खरखर झाली. एक आडपट्टी सुटली असणार. मुंबईच्या हवेत सरस धरत नाही. शेपटाची पट्टी समुद्राच्या हवेनं गंजलेली. बाकी गिटार जिवंत होती.

आता भाव. बाईंनी सरळ सांगितलं. एका नव्या रेस्टॉरंटची सजावट करणारे लोक येऊन गेले होते. त्यांना ती भिंतीवर लावायची होती, जुन्या ट्रम्पेटच्या शेजारी. ते एक लाख चाळीस हजार द्यायला तयार होते. माझ्याकडे पंच्याऐंशी हजार होते आणि मी ते तसंच सांगितलं. किंमत रास्त आहे, कदाचित परदेशात जास्तही येईल, हेही सांगितलं. गोव्याला नवं घर लावायचं होतं त्यांना. पंचावन्न हजार ही काही सोडून द्यायची रक्कम नव्हे. मी म्हणालो, "बाई, तुम्हाला गरज असेल तर त्यांना द्या. मी मनाला लावून घेणार नाही." आता बोलताना हे सोपं वाटतं. त्या वेळी घसा कोरडा पडला होता.

त्यांनी विचारलं, "तुम्हाला वाजवता येते?"

हा प्रश्न मला गेली चाळीस वर्षं सगळ्यांनी विचारलाय. येते, पण थोडीच. एका ख्रिस्ती मित्राकडून त्याच्या साध्या गिटारवर शिकलो. स्वतंत्र वादन मला जमत नाही, कधी जमणारही नाही. या वयात डाव्या हाताची बोटं सकाळी आखडतात. पण चार मात्रांचा ठेका मी धरू शकतो. मी गिटार घेतली, गंजलेल्या तारा जमतील तशा लावल्या आणि खाली मान घालून वाजवू लागलो. छक्, छक्, छक्, छक्. दोनेक मिनिटं. घामाघूम झालो. थांबलो, तर बाई दाराच्या चौकटीला टेकून पायाच्या अंगठ्यानं ठेका धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "पप्पा तुमच्यापेक्षा पुष्कळ चांगलं वाजवायचे." मी म्हटलं, ते असणारच. "पण हेच वाजवायचे," असं म्हणून त्या आत निघून गेल्या आणि पाणी घेऊन आल्या. विचार करून कळवते, म्हणाल्या.

मी मिरजेला परतलो. तिसऱ्या दिवशी फोन आला. पंच्याऐंशी हजारांना देते, म्हणाल्या. मी कारण विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. "पप्पांना शो आवडायचा नाही. सगळ्या लोकांच्या डोक्यावर टांगून ठेवलेलं त्यांना चाललं नसतं." मग एक अट घातली. दर नाताळला मी फोन करायचा आणि फोनवरून त्यांना गिटार ऐकवायची. "बंद पेटीत ठेवाल तर मला कळेल," म्हणाल्या. शिक्षिकेचा आवाज होता. मी हो म्हणालो.

त्यांच्या अटीत भावनेपेक्षा जास्त काही आहे. जुनं वाद्य पेटीत ठेवलं की बिघडतं. तारांचा ताण, हवेतली ओल, खुंट्यांचा गंज, सुटणारा सरस यांपैकी काय कुठे बिनसतंय हे रोज हातात घेतलं तरच वेळेवर कळतं. मिरजेचे कारागीर सांगतात की तंबोरा गाणाऱ्याच्या घरात टिकतो आणि हौशी माणसाच्या दिवाणखान्यात मरतो. गिटारचंही तेच.

दुरुस्ती आमच्या गल्लीतच झाली. ज्या बुजुर्गांना मी फोटो दाखवला होता ते आता नाहीत. त्यांच्या नातवाच्या पिढीतल्या एकानं गिटार हातात घेतली, नखानं पोट ठोकलं आणि सुटलेली पट्टी कुठे आहे ते आरशाशिवाय सांगितलं. छिद्रातून वाकडी सळई घालून सरस लावला, आतून टेकू दिला, दोन दिवस ठेवली. घोडी बसवताना मी त्याला पुस्तकातली रीत सांगायला गेलो : बाराव्या पडद्यावर तार दाबून येणारा सूर आणि तिथेच नुसता स्पर्श करून येणारा सूर तंतोतंत जुळला पाहिजे, तोवर घोडी पुढेमागे सरकवायची. त्यानं माझ्याकडे न बघता घोडी केसभर सरकवली आणि म्हणाला, "ऐका आता." जुळला होता. मग हसत विचारलं, "चाचा, जवारी लावू का?" मी दोन्ही हात जोडले.

आता ती घरात आहे. मागच्या खोलीचे पत्रे पावसाच्या आधी बदलले, तिकडेच भिंतीपासून दूर, स्टँडवर असते. संध्याकाळी अर्धा तास मी ठेका धरतो. रविवारी आमच्या मिशनच्या बाजूचा एक कॉलेजचा मुलगा येतो. चर्चमध्ये गिटार वाजवतो. त्याची बोटं सुरेख पळतात. तो आपली साधी गिटार घेऊन पुढचं वाजवतो, मी ही घेऊन मागचं. सुरुवातीला तो मला म्हणायचा, "सर, तुम्ही पण काहीतरी वाजवा ना." हल्ली म्हणत नाही. मधे एकदा बोट आखडलं म्हणून मी थांबलो, तर तो चार मात्रा पुढे गेला आणि अडखळून म्हणाला, "सर, कुठे गेलात?"

गेल्या नाताळात माझगावच्या, आता गोव्याच्या बाईंना फोन लावला. मुलानं मोबाइल हातात धरला आणि मी वाजवलं. पलीकडे शांतता. मला वाटलं, लाइन गेली. मग आवाज आला, "लय जरा धावते तुमची. ड्रमर बघा एखादा."

ड्रमरचा शोध चालू आहे. कोणाच्या ओळखीत असेल तर कळवा. मानधन कवितेइतकंच मिळेल.